गाठ न मारलेली टोपी

जीपमध्ये सामान चढत होतं, तेव्हा मायने माझ्या पिशवीत हात घालून लोकरीचे गुंडे आणि क्रोशाची सुई काढून घेतली. निरोपाला आलेल्या चार बाया बघत होत्या. मायने ते सगळं पदराखाली धरलं आणि एवढंच म्हणाली, "पोर हातमा येवालोंग काहीच इनू नको." का, असं कुणी विचारलं नाही. जन्माआधी विणलेलं बाळाला लाभत नाही, हे आमच्या प्रकाशा गावात घरोघरी ठाऊक होतं.

आदल्या वर्षी, पहिल्या खेपेला, मी टोपी, मोजे, स्वेटर असं सगळं सातव्या महिन्यातच विणून ठेवलं होतं. आठव्यात पोटातली हालचाल थांबली. मला कुणी बोल लावला नाही. पण बोल न लावता माणसं कशी गप्प बसतात, ते मी वर्षभर पाहिलं.

मग ह्यांची बदली धडगावच्या पुढच्या एका पाड्यावरच्या शाळेत झाली, आणि गावातल्या तुम्हा सगळ्या मैत्रिणींना सोडून मी डोंगरात आले. म्हसावद मागे पडलं, केळीचे मळे संपले, घाट लागला, तसा मी ह्यांचा हात धरला तो वर पोचेपर्यंत सोडला नाही. गाडी लागते म्हणून, असं सांगितलं. खरं तर प्रत्येक वळणाला मी हिशेब करत होते, पुन्हा दिवस गेले तर इथून दवाखाना किती लांब.

तिकडे दारावरून देवळात जाणाऱ्यांची ये-जा असायची आणि तुमच्यापैकी कुणीतरी ओट्यावर टेकून विचारायचं, "काय करी ऱ्हायनी वं?" इथे दोन घरांच्या मध्ये अख्खं शेत. लोक पावरी बोलतात, त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कमलीबाईशी मी हातवारे करून बोलायचे. आता तिचे शब्द माझ्या तोंडात बसलेत आणि माय फोनवर विचारते, "हाई काय बोली ऱ्हायनी तू?" तुमच्यापैकी ज्या सुरतेला, पुण्याला गेल्या, त्यांचंही असंच झालं असेल.

दुसऱ्यांदा दिवस गेले आणि रिकाम्या हातांची भीती वाटायला लागली. धडगावच्या बाजारातून सुई आणि पिवळी लोकर आणली. पण तयार काही होऊ द्यायचं नव्हतं. मग मी एक युक्ती काढली, हसू नका. टोपी विणायची, शेवटचा टाका आला की गाठ मारायचीच नाही. सुई काढून धागा ओढायचा, सगळं सरसर उसवतं. दुसऱ्या दिवशी तीच लोकर, तीच टोपी. नशिबाला वाटावं, हिने अजून काहीच केलेलं नाही. कमलीबाईने एकदा माझ्या डोक्याकडे बोट करून खुणेनं विचारलं, बरी आहेस ना. मी नाही म्हणून मान हलवली. ती शेजारी बसली आणि उसवलेल्या लोकरीचा गुंडा करून दिला.

महिनाभर आधीच कळा आल्या. घाट उतरताना मी पोटावर हात ठेवून जीव मुठीत धरून बसले होते, हलतंय ना, एवढंच बघत. शहाद्याला दवाखान्यात मुलगी झाली. वजन फार कमी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला उघड्या छातीशी धरा, आणि डोक्याला टोपी हवीच. ह्यांनी दुकानातून दोन आणल्या, दोन्ही तिच्या नाकापर्यंत आल्या.

प्रकाशाहून धावत आलेल्या मायने टोपीजोगं काही मिळतंय का म्हणून माझी पिशवी उपसली आणि तिला पिवळा गुंडा सापडला, सुईसकट. मी मान खाली घातली. आता ही बोलणार, असं वाटलं. तिने गुंडा माझ्या मांडीवर ठेवला आणि पोरीला आपल्या छातीशी घेतलं. "मन्हा हात कापी ऱ्हायनात," ती म्हणाली. "तू ईन."

मी विणत गेले. मूठभर डोक्याची टोपी, तिला कितीसा वेळ लागणार. शेवटच्या टाक्यापाशी हात थांबला. सवयीने धागा ओढायलाच निघाला होता.

"माय, मले भ्याव वाटस," मी म्हणाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"मले भी वाटस. रोज वाटस," माय म्हणाली. "गाठ मार."

मी गाठ मारली.

मुलगी आता दीड वर्षाची आहे आणि कमलीबाईच्या कोंबड्यांमागे पळते. भीती काही गेलेली नाही. पोर नुसती खोकली तरी मी हातातलं टाकून धावते. तुम्ही विचारता, तुझं घर आता कोणतं. पूर्वी मी डोळे झाकून प्रकाशा म्हटलं असतं. पण त्या घरात माय आणि मी वर्षभर एकच भीती सांभाळत होतो आणि एकमेकींना पत्ता लागू दिला नव्हता. आता मी फोन लावला की आधी तेच सांगते, घाबरले आहे म्हणून. जिथे हे बोलता येतं, तेच घर.

परवा भर दुपारी मायचाच फोन आला. कशी आहेस वगैरे काही नाही. "आज मले उगाच भ्याव वाटी ऱ्हायना, थोडी बोल मन्हासंगे." भाजी गॅसवर होती. ती उतरवून मी दारात बसले. माय तिच्याच घरात बसली होती, आणि तिला घरी यायचं होतं माझ्याकडे.