हेल्दी

जाड म्हणायचा संकोच वाटला, की आमच्याकडं माणसं इंग्रजीत ‘हेल्दी’ म्हणतात. बारामतीच्या रेडिमेड दुकानात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईंनी पोपटी ड्रेस अंगाला लावून पाहिला, तेव्हा सेल्समनही हळूच म्हणाला, “काकू, हेल्दी माणसांना डार्क कलर बरा दिसतो.”

बाईंनी आरशातूनच त्याच्याकडं पाहिलं. “हेल्दी न्हाय रं, जाडी हाय मी. म्हण की मोठ्यानं! लाज तुला वाटतीय, मला न्हाय.”

बाईंनी तोच ड्रेस घातला, पैसे दिले, नेसून आलेली साडी पिशवीत कोंबली आणि ओढणी झटकून खांद्यावर टाकत बाहेर पडल्या.

सेल्समन माझ्याकडं वळला. “ताई, तुम्ही पण जरा...”

“जाडी,” मी मोठ्यानं म्हणाले. “पोपटी अजून आहे का?”