यंत्राचं तोंड

परवा शेजारच्या शेतातून गव्हाच्या भुशाचा वास आला आणि मला पेडगावचं खळं आठवलं. सत्तरच्या दशकात परभणीत माझं वेल्डिंगचं दुकान होतं. बाहेरून आलेलं एक मळणीयंत्र बघून मी माझं पहिलं यंत्र बांधलं. ते पेडगावच्या खळ्यावर नेलं, तेव्हा तिथं मजुरीला आलेल्या सुभद्राबाई ते बघून म्हणाल्या, "दादा, ह्याचं तोंड आतल्या दात्यांच्या लय जवळ हाय. पेंढी कोंबताना हात जाईल की."

मला राग आला. त्या रागाची आज लाज वाटते. तरी मी तोंडापुढं दोन हात लांब पत्र्याचं पन्हळ जोडलं.

दुसऱ्या दिवशी पेंढीच्या बंधात त्यांचीच बोटं अडकली आणि हात आत ओढला गेला. मी धावत जाऊन इंजिनाचा पट्टा पाडला. यंत्र थांबलं तेव्हा त्यांचा हात पन्हळातच होता, आतल्या दात्यांपासून वीतभर अलीकडं. मी भुशातच बसलो. सुभद्राबाईंनी हात बाहेर काढला, फुटलेल्या बांगड्या झटकल्या आणि बोटं मिटून-उघडून पाहिली.

"पाची हायती," त्या हसून म्हणाल्या. "उठा आता, गहू पडलाय."