शेवटच्या संडासातला डबा

माझ्या सासूबाईंना कुणी मायाळू म्हटलं तर मला हसू येतं. बसस्टँडवरचे संडास त्या एकोणीस वर्षं धुतायत, पण तिथे येणाऱ्या एकाही माणसाबद्दल त्यांच्या तोंडून बरा शब्द मी ऐकलेला नाही. गर्दुल्ल्यांबद्दल तर नाहीच. "मेल्यांना सुया टोचून घ्यायला माझाच संडास सापडतो," हे रोजचं.

दोन वर्षांपूर्वी कचऱ्याची बादली रिकामी करताना त्यांनाच सुई टोचली. एड्सची लागण होऊ नये म्हणून अठ्ठावीस दिवस गोळ्या घ्याव्या लागल्या, पोटात अन्न ठरेना. शेवटची तपासणी तीन महिन्यांनी. तोवर मी त्यांचं ताट-पेला वेगळा ठेवला. एका ताटातून काही पसरत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं, तरी ठेवला. सासूबाई त्याच ताटात जेवत राहिल्या आणि मी अजून माफी मागितलेली नाही. रिपोर्ट चांगला आला.

पुन्हा कामावर गेल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांनी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणला, झाकणाला चीर पाडली आणि शेवटच्या संडासात पाइपला तारेने करकचून बांधला. माझ्याकडून त्यावर रंगाने लिहून घेतलं, 'सुया यात टाका'. खरं तर त्यांना 'मरायचं तर मरा, पण माझ्या हातावर नको' असं हवं होतं. तेवढी जागा नव्हती.

महिन्याभरात डबा भरू लागला. बादलीत सुई दिसेना. दर सोमवारी त्या डबा दवाखान्यात नेऊन रिकामा करून आणायच्या. आरोग्य खात्याच्या एक बाई येऊन डब्याचा फोटो काढून गेल्या, छान म्हणाल्या.

मग स्टँडवरच्या हवालदाराला सुगावा लागला. त्याने संडासाशेजारच्या सासूबाईंच्या खोलीतली खुर्ची उचलली, संडासाच्या दाराशी टाकली आणि चार दिवसांत सहा जण धरले.

"मावशी, तुमच्या डब्याने काम सोपं केलं बघा."

"साहेब, तुम्ही माणसं धरता. सुया कोण धरणार?"

"मग काय, गुन्हेगारांचे लाड करायचे?"

"लाड करतंय कोण! मला तर ते डोळ्यांसमोर नकोत. पण हात माझा आहे ना?"

"ते आरोग्य खात्याला सांगा."

त्या आरोग्य खात्यात गेल्या. फोटोवाल्या बाई म्हणाल्या, "आता हा पोलिसांचा विषय झालाय, आम्ही मध्ये पडत नाही." अशी टोलवाटोलवी. दोघांनाही पगार वेळेवर मिळतो, एवढंच मला त्यातून कळलं.

डबा रिकामा राहू लागला आणि सुया लपू लागल्या. खिडकीच्या फटीत, फरशीच्या खाचेत, फ्लशच्या टाकीमागे. सासूबाई घरातला चिमटा घेऊन कामावर जाऊ लागल्या.

एका दुपारी मी त्यांना घराची किल्ली द्यायला गेले, तर हवालदार पुराव्यासाठी टाकीमागे चाचपत होता. "आई गं!" म्हणून ओरडला आणि बोट तोंडात घालायला निघाला.

"तोंडात नको!" सासूबाईंनी मनगट धरून त्याला नळाखाली ओढलं आणि साबण लावला. "दाबू नका. वाहू द्या."

"मावशी, मला काही होणार नाही ना?"

"मला काय माहीत? मी तीन महिने हेच विचारत होते."

"ठाण्यात कुणाला बोलू नका. घरी तर नकोच."

"नाही बोलत. तेवढी खुर्ची हलवा. आणि आजच दवाखान्यात जा, गोळ्या लगेच सुरू कराव्या लागतात."

हात नळाखाली, तोंड पांढरंफटक, आणि ही बाई सौदा करतेय! मला त्याची कीव आली नाही. उलट बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्याने एका हाताने खुर्ची ओढत खोलीत नेऊन ठेवली आणि पुन्हा तिथे फिरकला नाही.

याला आता पाच महिने झाले. डबा आहे तिथेच आहे. त्यात एकही सुई पडलेली नाही.

परवा त्यांनी एकाला दारातच अडवलं. "मेल्या, डोळे फुटलेत? डब्यात का टाकत नाहीस?"

तो दोन पावलं मागे सरला. "कशाला, मावशी? पुन्हा पकडून द्यायला?"

हे त्यांनी मला रात्री जेवताना सांगितलं. मग त्याला तुम्ही काय म्हणालात, असं मी विचारलं.

"काय म्हणणार?" त्या म्हणाल्या. "डबा माझाच होता ना."