शमुवेलनं अर्ध्यात सोडलेली गोष्ट

शमुवेल गेल्याचं मला साकोलीच्या बसस्टँडवर कळलं. चहावाल्यानं ग्लास पुढं केला आणि म्हणाला, “गुरुजी, तुमचा शमुवेल सकाळी गेला ना...” मी तो चहा पूर्ण प्यायलो. रडू आलंच नाही. कानात त्याचं ते भरभर बोलणं मात्र सुरू झालं, ते महिना झाला तरी थांबलेलं नाही.

याच स्टँडवर तो फुटाणे विकायचा. गाड्यांच्या खिडक्यांखालून पळत, ठेक्यात ओरडत. त्याच ठेक्यात एक दिवस तो बायबलातल्या गोष्टी सांगू लागला. गाणं नव्हे, सूर नाहीच, नुसतं बोलणं, पण असं की ऐकणाऱ्याचा पाय हलायचा. मी शाळामास्तर, गावच्या दंडारीत, म्हणजे रात्रीच्या लोकनाट्यात, ढोलकी वाजवणारा. त्याच्या देवाशी माझा संबंध नव्हता, ठेक्याशी होता. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी “देवाच्या घरात तमाशा नको” म्हणून त्याला बाहेर काढलं, तेव्हा आम्ही ढोलकी घेऊन आठवडी बाजार धरले. पुढं कितीतरी वर्षांनी एका नर्सबाईंच्या भावानं अमेरिकेतून कॅसेट आणली. तिच्यात काळी पोरं ढोलाच्या तालावर नुसती बोलत होती. त्याला म्हणे रॅप म्हणतात. शमुवेल हसत सुटला, “गुरुजी, हे तं आपण कधीपासून करून राहिलो!”

ती कॅसेट यायच्या आधीची गोष्ट. मोहाडीच्या बाजारात तो लाजराची कथा सांगत होता. मरून चार दिवस झालेला माणूस, आणि येशू त्याच्या कबरीपाशी येतो...

“दगड सरकवा, दगड सरकवा, आत माहा दोस्त निजला हाय, चार दिस झाले, बहीण रडते, दिवा घरातला इझला हाय...”

गर्दीतून एक बाई पुढं आली. कोंढ्याची यमुनाबाई, माहेरी आलेली. शांतपणे म्हणाली, “माही पोरगी जाऊन महिना झाला. चार दिसानं उठते, तं महिन्यानं काहून नाही? बोलव ना तिले.”

शमुवेलनं गोष्ट तिथंच सोडली. माझे हात मात्र काही क्षण वाजवतच राहिले. त्याची लाज मला आजही वाटते.

ती कथा त्यानं पुन्हा कधी सांगितली नाही. बाकीच्या सांगितल्या, लोक जमले, नाव झालं. पण दरवर्षी ईस्टरला सारी मंडळी चर्चमध्ये असताना हा कोंढ्याला जायचा.

“जाऊन काय करतोस?” मी एकदा विचारलं.

“बसतो. ते तांदूळ निवडते, मी पाहत राहतो. शब्दच निघत नाही, गुरुजी.”

मागच्या आठवड्यात मी कोंढ्याला गेलो. तो गेल्याचं सांगितलं. यमुनाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “त्या लाजराचं पुढं काय झालं जी? त्यानं सांगितलंच नाही. मीनंबी मंग इचारलं नाही.”

मी सांगितलं. ठेका नव्हता, शब्द अडखळत होते. येशूनं हाक मारली, कापडात गुंडाळलेला तो बाहेर आला, लोकांनी त्याचे हातपाय सोडवले...

“मंग किती दिस जगला?”

“ते पुस्तकात लिहिलं नाही, बाई.”

तिनं मान हलवली, सूप पुढं ओढलं आणि तांदूळ निवडू लागली. मला उठता येईना. शब्दही निघेना. ऊन अंगणातून सरकत भिंतीवर चढलं, तरी मी तिथंच बसून होतो.