रत्नाला मेलेली जमीन मान्य नव्हती

“मेली नाही ते खाडी! कोण म्हणते मेली? ओहोटीच्या टायमाले जाऊन आले, अन् ओसाड म्हणून राहिले!”

अकोल्यातल्या एका दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर रत्ना ओरडत होती. नाकात ऑक्सिजनची नळी, हाताला सलाईन, आणि उशीला टेकवलेल्या मोबाइलच्या पडद्यावर कोकणातल्या एका समितीची दचकलेली तोंडं. मी अमरावतीहून संत्री घेऊन तिला भेटायला आलो होतो, तो दारातच थबकलो. नर्स धावत आली. वॉर्डबॉय धावत आला. खालच्या मजल्यावरचा एक पेशंट तर आपल्यालाच रागावलं असं समजून सलाईन सोडून घरी चालता झाला, असं मी आजही शपथेवर सांगतो. रत्नाची धाकटी बहीण बेबी मात्र पलंगाशेजारी बसून घरून आणलेली मेथी निवडत होती. “ओरडू द्या तिले,” ती नर्सला म्हणाली, “ओरडली का तिले बरं वाटते.”

प्रकरण असं होतं. कोकणातल्या एका खाडीत तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, झाडीमागे पांढरंफटक, गवताची काडीही नसलेलं मोठं मैदान होतं. ते ओसाड ठरलं की त्यावर मुरूम टाकून गोदामं बांधायची होती. ठरवणाऱ्या समितीत रत्ना तज्ज्ञ म्हणून होती, पण पाहणीच्या वेळी ती दवाखान्यात पडलेली. बाकीच्यांनी एक कोरडी दुपार गाठून पाहणी उरकली आणि आता तिची फोनवरून संमती मागत होते. अध्यक्ष फार सभ्य माणूस. “मॅडम, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय हो.”

“अमावास्येच्या भर दुपारी पाहा. उधाणाचं पाणी पाहा. मंग बोला!”

“पण तुमच्या वतीने तिथे येणार कोण?”

रत्नानं मान वळवली. दारात मी. हातात संत्र्यांची पिशवी.

आता माझी लायकी सांगतो. मी अमरावतीत कोचिंग क्लास चालवणारा जीवशास्त्राचा मास्तर. अप्पर वर्धा धरणाच्या पलीकडे मी पाणी पाहिलेलं नाही. रत्नाची नि माझी ओळख कॉलेजातल्या बेडकाच्या प्रॅक्टिकलपासूनची. मी बेडूक पाहून बेशुद्ध पडलो आणि हिनं ट्रेमधलंच पाणी माझ्या तोंडावर मारलं. त्या पाण्याची चव अजून जात नाही! ती दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातली. ज्यांनी तो मुलूख पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना मैलोन् मैल अशी जमीन, की विहीर खणावी तर खारं पाणी लागतं. रत्नाच्या गावात वरणात मीठ टाकणारी सून नवीन आहे हे सासरच्यांना पहिल्याच घासाला कळायचं. तिथल्या चहाला आम्ही शहरातली पोरं नाकं मुरडायचो, आणि ती म्हणायची, “प्या बे गुमान, समुद्र पिऊन राहिले तुमी.” इथं कधीकाळी समुद्र होता असं गावातले म्हातारे सांगत. पुढे जगभर फिरताना ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ असं कोणी विचारलं की रत्ना बेधडक सांगायची, मी समुद्रकाठचीच आहे, फक्त आमचा समुद्र जरा मागे सरकला.

बौद्ध शेतमजुराची ही मुलगी शिष्यवृत्त्यांवर शिकत शिकत किनाऱ्यांच्या पाणथळ जमिनींची तज्ज्ञ झाली. बांगलादेश, मेक्सिको, फिलिपिन्स… कुठली दलदल जिवंत आहे, कुठली आजारी, कुठली वाचवता येईल, हे पाहायला तिला बोलावणी येत. वैद्य नाडी धरतो तशी ही अनवाणी चिखलात उतरायची आणि चिमूटभर माती जिभेवर ठेवायची. फिलिपिन्समध्ये एक गोरा साहेब तिची नक्कल करायला गेला आणि आठवडाभर संडासातून बाहेर आला नाही. रत्ना म्हणे, दोन दिवस. पण ती शास्त्रज्ञ होती, तिला आकडे कमी करून सांगायची सवय.

एवढी पटाईत बाई चुकली, आणि चुकली ती आपल्या गावामुळेच. सेनेगलच्या किनाऱ्यावर तिची पहिली मोठी कामगिरी होती. तिवरांच्या मागे पांढरा थर आलेलं मैदान दिसलं आणि हिच्या आतला खारपाणातला शेतकरी बोलला. आमच्याकडे शेतावर असा पांढरा थर फुलला की बाप डोक्याला हात लावतो, जमीन मेली म्हणतो. रत्नानं तेच केलं. भरल्या बैठकीत सांगून टाकलं, ही जमीन मेलेली आहे. मग परतीच्या होडीचं इंजिन बिघडलं, मुक्काम लांबला, आणि पौर्णिमेच्या सकाळी उधाण आलं. अमावास्या-पौर्णिमेला भरती सगळ्यात उंच चढते. एरवी कोरड्या राहणाऱ्या त्या मैदानावर गुडघाभर पाणी, पाण्यात माशांची पिल्लं, आणि वर पक्ष्यांचा असा कालवा की काही ऐकू येईना. “माह्या बापाच्या वावराचं सर्टिफिकेट म्या समुद्राले देऊन टाकलं होतं रे,” ती मला म्हणाली होती. दुसरं कोणी असतं तर मुकाट विमानात बसलं असतं. ही परत बैठकीत गेली आणि आपल्याच म्हणण्याविरुद्ध उभी राहून भांडली. लोक हसले. हसोत! ते मैदान वाचलं. तेव्हापासून उधाण पाहिल्याशिवाय कुठलीही जमीन मेली म्हणायची नाही, आणि कोणाला म्हणू द्यायची नाही, हा तिचा हट्ट होता. या हट्टापायी तिनं किती समित्या मोडल्या, किती साहेबांची जेवणं चुकवली, देव जाणे… देवावरही तिचा विश्वास नव्हता, म्हणजे कोणीच जाणत नाही.

तर तिनं दवाखान्यातून मला बोटानं दाखवलं आणि अध्यक्षांना सांगितलं, “हा येते.”

मी म्हणालो, “रत्ना, मले खाडीतलं काय समजते वं?”

“काही समजा नोको. पाणी मागच्या मैदानात पोचाले उशीर लागते. ते लोक कटाळून उठतीन. त्याइले उठू द्याचं नाही, बस. तू बोलत राहाय. तुले दुसरं येते काय?”

अमावास्येला मी खाडीवर उभा होतो. डोक्यावर ऊन, समोर ते पांढरं मैदान, आणि गाडीत बसायला टपलेली समिती. किनाऱ्यावर भरती पुरी होत आली होती, पण मैदान कोरडं ठाक. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. “बरं, निघायचं का?” मी त्यांच्या आणि गाडीच्या मधे उभा राहिलो आणि सुरू झालो. आमच्याकडच्या विहिरीत पडलेल्या म्हशीचं आपोआप लोणचं कसं झालं ते सांगितलं. वरूडच्या एका संत्र्यानं ट्रकचं टायर कसं फोडलं ते सांगितलं. समितीतला एक जण हसायला लागला, दुसरा म्हणाला, शक्यच नाही, आणि मी त्याच्याशी वाद घातला. एवढं खोटं मी जन्मात बोललो नव्हतो, आणि इतक्या खऱ्या कामासाठी तर नाहीच. घसा बसला. छत्तीस थापा संपल्या. अध्यक्ष मला बाजूला सारून गाडीचं दार उघडायला गेले आणि एकदम खाली पाहत थांबले.

त्यांचा बूट ओला झाला होता.

आवाज न करता आलं पाणी. तिवरांच्या मुळांमधून, बोटाएवढ्या वाटांनी, मग चारी बाजूंनी. पांढरं मैदान आधी काळं पडलं, मग चकाकलं. चिखलातल्या भोकांतून खेकडे वर आले, पिल्लं सुळसुळली, आणि कुठून कोण जाणे बगळ्यांची रांग उतरली. मी, तो बेडकाला भ्यालेला मास्तर, पँट भिजवत त्यात नाचत होतो. अध्यक्षांनी ओला बूट पाण्यातून उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. मग सोबतच्या कारकुनाला म्हणाले, “‘ओसाड’ खोडा. इथे भराव घालता येणार नाही.”

गोदामवाले पुन्हा येतील. दुसरा अध्यक्ष आणतील, दुसरी कोरडी दुपार गाठतील. येऊ द्या! अमावास्या काही त्यांच्या बापाची नाही, दर महिन्याला येते, आणि मीही जाणार आहे. माझ्याकडे म्हशीच्या अजून पुष्कळ गोष्टी आहेत.

पण त्या दुपारी मी पाण्यात उभ्या उभ्या रत्नाला फोन लावला. बेबीनं उचलला. मी बसक्या घशानं ओरडलो, “बेबी, फोन तिच्या कानाले लाव! पाणी आलं म्हणाव! खोडलं त्याइनं!”



“सकाळीच गेली ते,” बेबी म्हणाली. “तुमाले सांगू नोको म्हणे. बोलाचा थांबून जाईल म्हणे तो.”