उष्टी हळद आणि जर्मन गाडी

मुलांनो, तुम्ही फोनवर मला विचारता, आजी, ती जुनी जपानी गाडी कधी काढून टाकणार? आता गाड्या स्वतः चालतात, स्वतः थांबतात. थांबतात हे खरे आहे. एक थांबलेली मी पाहिली आहे.

माझ्या धाकट्या दिरांच्या नातीचे लग्न ठरले, मुलगा खालापूरकडचा. त्याच्या काकांनी डोंगराकडेची जमीन फार्महाऊसवाल्यांना विकली आणि त्या पैशांतून आधी इंग्रजी गाडी घेतली. आत लाकडी फळी, चामड्याचा वास, आणि दमट हवा लागली की रुसणारी वीज. बारा महिने पाऊस पडणाऱ्या देशात बनलेल्या गाडीला खालापूरचा पाऊस सोसू नये, याला काय म्हणावे? ती गाडी निम्मे वर्ष छपराखाली ताडपत्री पांघरून असे. मग काकांनी जर्मन घेतली. साखरपुड्यात त्यांनी आम्हा बायकांना बोलावून ती दाखवली. "ताई, समोर काय आलं तर हिला माणसाच्या आधी कळतं." मी म्हटले, "मग माणूस कशाला बसवता?" ते हसले. त्यांना वाटले मी कौतुक केले.

आमच्याकडे नवऱ्या मुलाला आधी हळद लागते आणि उरलेली, उष्टी हळद, मुलीकडे येते. ती आल्याशिवाय मुलीला हळद लावत नाहीत, आणि हळद लागेपर्यंत ती जेवत नाही. हळद नेण्याचा मान काकांनी मागून घेतला, अर्थात नव्या गाडीसाठी.

कर्जतजवळच्या आमच्या गावी मुलगी सकाळपासून पाटाजवळ बसून होती. दुपार कलली तरी हळद नाही. फोन केला तर काका एवढेच म्हणाले, "थोडा येळ लागंल," आणि ठेवून दिला. अशा वेळी लोकांना एकच अर्थ सुचतो. मागे शेजारच्या गावात मुलाकडच्यांनी मोटारसायकल कबूल होईपर्यंत हळद अडवून धरली होती. मुलीची आत्या पदराआडून बोललीच, "यांना आजून कायतरी पायजे हाय. मी सांगते ना." मुलीने ते ऐकले. तिचे ओठ कोरडे पडले होते. बाप आचाऱ्याचे सामान आणायला टेंपो घेऊन गेलेला. मी माझ्या जपानी गाडीची किल्ली घेतली आणि खोपोलीच्या दिशेने निघाले.

खोपोलीच्या शिळफाट्याला पोहोचताच उत्तर मिळाले. भर रस्त्यात जर्मन गाडी, तिच्यामागे ट्रकांचे भोंगे, भोवती भजी खात उभे असलेले लोक. गाडीच्या नाकावर झेंडूचा जाडजूड हार आणि त्याखाली लिंबू-मिरची. गाडी वेगात होती तोवर हार वाऱ्याने चिकटून बसला होता. फाट्यावर वेग कमी झाला तसा तो लोंबायला लागला, आणि हुशार गाडीला वाटले, समोर कोणीतरी आले. दोन हात पुढे जायची की स्वतःच ब्रेक मारायची. एक रिक्षावाला ओरडला, "काका, तिला उचकी लागली का? पाणी पाजा!"

गाडीतल्या पडद्यावर इंग्रजीत सरळ लिहिले होते की पुढचा सेन्सर झाकला गेला आहे. मी वाचून दाखवले. "हार काढा, चालेल."

"नाय हो ताई. हळद पोचल्याबिगर हार कसा काढायचा? अपशकुन हाय. कंपनीचा माणूस निघालाय मुंबईवरनं."

"आणि फोनवर काय म्हणालात? थोडा वेळ लागेल?"

"मग काय, गाडी बंद पडली सांगू? चार मान्सांत?"

बघा, मुलांनो. जी गाडी झेंडूला भिंत समजते, तिच्या अब्रूसाठी या गृहस्थांनी एक मुलगी उपाशी आणि घाबरलेली ठेवली होती. लोक म्हणतात जपान्यांना कल्पकता नाही. नसू दे. मला कल्पकता भाजीत चालते, ब्रेकमध्ये नको.

मागच्या सीटवर काकू हळदीची वाटी मांडीवर धरून बसल्या होत्या. मी दार उघडून म्हटले, "चला." काका म्हणाले, "या खटाऱ्यातनं हळद जानार?" काकू नवऱ्याकडे न बघताच उतरल्या. "तुमी बसा तुमच्या बाईला हार घालून," म्हणाल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. वाटभर त्यांनी वाटीवरचा हात काढला नाही.

आम्ही अंगणात शिरलो तेव्हा आत्या दारातच उभी होती. काकूंनी तिला बोलूच दिले नाही. त्या थेट मुलीसमोर बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "आमाला कायबी नको हाय गं बाय. गाडी बिघडली व्हती, आनि आमच्या मान्साला ते सांगायची लाज वाटली."

मुलीने मान वर केली. "नक्की, काकू?"

"नक्की."

मग ती रडली, दिवसभर रडली नव्हती तशी. आत्येने पुढे होऊन वाटी घेतली आणि तिच्या गालांना हळद लावली. हळद ओली होती तेवढ्यात काकूंनी ताट मागवले आणि वरणभाताचा पहिला घास तिला स्वतःच्या हाताने भरवला.