खमिराचा वास

मला बघायला पाहुणे येणार होते आणि आईला पोह्यांवर भागवायचं नव्हतं. इंग्रज गेले तरी गोंदियाच्या रेल्वे कॉलनीत एका गार्डाची मडम राहिली होती. तिच्याकडून आईनं खमीर आणलं आणि डोनटचं पीठ भिजवलं. थंडीत ते फुगेना, म्हणून पातेलं रात्रभर धानाच्या तणसात पुरून ठेवलं. सकाळी झाकण काढलं तर पीठ दुप्पट झालेलं, आणि घरभर मोहाच्या दारूसारखा वास! तो वास आमच्याकडे कुणाला ओळखू येत नाही?

पाहुणे आले. माझे होणारे सासरे बसल्यापासून नाक वर करून हुंगत होते. "गेली सोयरीक," आई चुलीपाशी पुटपुटली. मी डोनट तळले, साखरेत घोळवले आणि बशी त्यांच्यापुढे आदळली. त्यांनी एक खाल्ला, दुसरा उचलला आणि बाबांकडे वाकून म्हणाले, "बेस हाय. पण भाऊ, ते दुसरं कवा आणता? मी कवाचा वाट पाहून राहिलो."

मी चिडून पिठाचं पातेलं आणलं आणि त्यांच्या नाकाखाली धरलं. सासऱ्यांचं तोंड उतरलं. आईचा जीव मात्र भांड्यात पडला.